बोळे कुणी घालायचे?

निवांत: “सार्वजनिक जागी फोन स्पीकरवर लावला तर बिघडलं काय? त्रास होतो त्यांनी कानात बोळे घालावेत,” असं काल इथे कुणीतरी लिहिलं. वाचून डोकंच फिरलं. आवाज तुम्ही करणार आणि बोळे आम्ही घालायचे? परवा रेल्वेत एका बाईंनी कुणाच्या तरी घटस्फोटाची बोलणी अख्ख्या डब्याला ऐकवली. पलीकडची मुलगी रडत होती. डबाभर अनोळखी माणसं ऐकताहेत हे तिला माहीत तरी होतं का?

साधासरळ: ते मीच लिहिलं. शेजारी बसून दोघं गप्पा मारतात तेव्हा कुणी हरकत घेत नाही. माझ्या वडिलांच्या श्रवणयंत्राला फोन लावला की शिट्टी वाजते. त्यांनी बोलूच नये?

रातपाळी: गप्पांची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलंय की फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं कानावर पडलं तर लक्ष जास्त उडतं.

साधासरळ: मग स्पीकरवर दोन्ही बाजू ऐकू येतात. तुम्हीच माझा मुद्दा मांडलात!

मधली_खोली: फोनचं सोडा. मचमच करत जेवणाऱ्यांबद्दल कुणी का बोलत नाही? सासऱ्यांशेजारी बसले की मला घास गिळवत नाही. उठून जाते, तर घरात मीच माणूसघाणी.

स्पष्टवक्ता: नाटकं आहेत ही. आमच्या लहानपणी नव्हतं असलं काही.

मधली_खोली: नाटकं? याला मिसोफोनिया म्हणतात, २००१ पासून हे नाव आहे. २०१७ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूचे स्कॅन काढले. चावण्याच्या आवाजाने अशा लोकांच्या मेंदूतला इन्सुला नावाचा, भावनांशी जोडलेला भाग इतरांपेक्षा खूप जास्त पेटतो, हृदयाचे ठोके वाढतात. नाव नव्हतं तेव्हाही माणसं ताटावरून उठतच होती. तुम्ही विचारलं नसेल.

स्पष्टवक्ता: बरं, स्कॅन मानतो. पण सासऱ्यांना कवळी असेल तर? त्यांनी उपाशी राहायचं?

मधली_खोली: कवळीच आहे. म्हणून तर त्यांना एका शब्दाने बोलले नाही, माझंच ताट उचलते. माहिती न घेता नाटकं म्हणालात, राग त्याचा आहे.

निवांत: साधासरळ, वडिलांचं कारण नाइलाजाने मान्य. पण त्या बाईंना चांगलं ऐकू येत होतं.

साधासरळ: कशावरून? विचारलंत?

निवांत: नाही विचारलं. पण स्पीकर चालू आहे एवढं त्या मुलीला सांगायला काय जात होतं?

साधासरळ: ते सांगायला हवं होतं. बाबांनाही तसं करायला सांगतो. बोळ्यांचं मात्र मी मागे घेत नाही.