मदत हवी आहे: अँटेनाच्या नॉइजला कुठलं मॉडेल लावू?

मंडळी, तासगावजवळ रानात डायपोल (दोन तारांचा साधा अँटेना) टांगून आरटीएल-एसडीआरवर (कॉम्प्युटरला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) नॉइज, म्हणजे नको असलेला रेडिओ गोंगाट, रेकॉर्ड करतोय, थ्री फेज लाइट नसताना सगळं गॉसियनमध्ये (घंटेच्या आकाराचं नेहमीचं वितरण) नीट बसतं पण लाइट आली, द्राक्षबागांतल्या मोटारी चालू झाल्या की दर 10 मिलिसेकंदाला स्पाइकचा झुबका आणि हिस्टोग्रामची शेपटी गॉसियनच्या पार बाहेर. 50 हर्ट्झची अर्धी सायकल, म्हणजे लाइनवरच कुठंतरी स्पार्किंग असणार. मिडलटन क्लास ए (झटक्यांच्या नॉइजचं एक मॉडेल) लावावं तर ते रिसीव्हरच्या बँडविड्थपेक्षा अरुंद नॉइजसाठी, स्पार्क तर चांगलाच रुंद. अल्फा-स्टेबलमध्ये (जाड शेपटीचं दुसरं मॉडेल, अल्फा कमी तशी शेपटी जाड) अल्फा 2 च्या खाली गेला की व्हेरियन्सच (पसरटपणाचं माप) अनंत, मग एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती पट) काढायचा कसा राव? त्यात साध्या मॉडेलात प्रत्येक सॅम्पल सुटं धरतात, इथं तर झुबके! हिडन मार्कोव्ह मॉडेल (आतली न दिसणारी अवस्था, शांत की झुबका, आधीच्या अवस्थेवर अवलंबून धरणारं) कुणी वापरलंय का? पायथॉन कोड असला तर टाका की.