मदत हवी आहे : रोटरचे गुंठे मोजायला नाविकवाला फोन घ्यावा का?

मंडळी, मी पलूस तालुक्यातला, जिल्हा सांगली. घरचा ट्रॅक्टर आहे, भाड्यानं रोटर (रोटाव्हेटर) मारतो. पैसे गुंठ्यावर. फोन हातात धरून बांधाबांधानं चालतो, अ‍ॅप क्षेत्र काढतं, आणि तिथंच वाद लागतो. परवा एकच रान सकाळी १९ गुंठे भरलं, दुपारी साडेएकवीस. रानमालक म्हणाले, "फोन पण तुझ्यासारखाच दिसतोय!" हसलो, पण अडीच गुंठ्यांचे पैसे सोडून आलो.

मोबाइलवाला म्हणतो नवा घ्या, त्यात इस्रोचं नाविक, म्हणजे आपलं देशी जीपीएस आहे. मी थोडं वाचलं. २९ मे २०२३ ला नाविकचा एनव्हीएस-०१ उपग्रह गेला तेव्हापासून नवी पिढी सुरू झाली, आणि तिच्यात जीपीएससारखाच एल-१ हा रेडिओ लहरींचा पट्टा आहे. पण जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ जागेवर पोचलाच नाही ना? मग नवा फोन पकडणार काय? चुलतभावाच्या फोनवर यादीत तिरंगावाले उपग्रह दिसतात, पण वापरात एकही नाही. पूर्वेला शेजाऱ्याचा उंच ऊस होता, त्यामुळं असेल का?

उत्तर :
दादा, दुकानात नाविक विचारू नका, एल-५ आहे का ते विचारा. नाविकचे जुने उपग्रह, म्हणजे आयआरएनएसएस, एल-५ आणि एस पट्ट्यावर चालतात, एल-१ नव्या पिढीतच आला. ०२ च्या इंजिनात इंधन जाळायला लागणाऱ्या ऑक्सिडायझरची झडप उघडली नाही, त्यामुळं कक्षा उचलता आली नाही. एकट्या ०१ वर जागा निघत नाही, चार उपग्रह तरी लागतात. जीपीएस वगैरेंना धरूनच फोन हिशेब करतो. शिवाय ०१ आहे १२९.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आपल्याकडून आभाळात बराच खाली. उसाआड जाणारच.

पण तुमचा घोळ वेगळाच आहे. ४५ मीटर चौरस रान म्हणजे २० गुंठे. चारी बांधांवर फोन अर्धा मीटर जरी बाहेर सरकला तरी जवळजवळ एक गुंठा वाढला, एक मीटर सरकला तर पावणेदोन. कुठलाही फोन घ्या, लहान रानात एवढं हलणारच. भूमी अभिलेखवाले मोजणीला रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून अचूक जागा काढणारं यंत्र, आणतात ते उगाच नाही. तुम्ही सरळ टेप घ्या.

मूळ धागाकर्ता :
टेपचं पटलं, आभारी आहे. पण आमची निम्मी रानं ओढ्याकडेची, एक बांध सरळ नाही. वाकडा बांध टेपनं कसा धरायचा, तेवढं कुणी सांगा. आणि टेपचं दुसरं टोक रानमालकाच्या हातात द्यावं का नको, तेही.