मदत हवी आहे: खांद्याच्या कंडरेवर कोलॅजनचा पॅच लावून घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आईच्या (वय ६४) उजव्या खांद्यातली सुप्रास्पायनेटस कंडरा (हात वर उचलणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी ऊती) हाडापासून पूर्ण सुटली आहे. एमआरआयनुसार फाट ३ सेंमी, स्नायूत चरबी फारशी नाही. मधुमेह जुना आहे, पण साखर आटोक्यात असते. फिजिओथेरपी करून पाहिली, तरी वेणी घालायला हात वर जात नाही. सर्जन म्हणतात, दुर्बिणीतून कंडरा अँकरने (हाडात बसवायच्या, दोरा जोडलेल्या छोट्या खिळीने) हाडाला शिवू आणि वरून कोलॅजन या प्रथिनाचा पॅच लावू. शिवण्याची आमची तयारी आहे, अडलंय ते पॅचपाशी.

मूळ जोडणीत कंडरा आणि हाड यांच्यामध्ये कूर्चेचे दोन थर असतात, एक मऊ आणि एक कॅल्शियम साठलेला. त्यामुळे ताण एकाच जागी एकवटत नाही. शिवल्यावर हे थर परत तयार होत नाहीत, कंडरा नुसत्या व्रणाने हाडाला धरून राहते. २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या फाटी शिवलेल्या १८ जणांची सोनोग्राफी केली, तर १७ जणांची शिवण पुन्हा उघडलेली दिसली. दुखणं मात्र बहुतेकांचं कमी झालं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

शिवण टिकावी म्हणून पॅच लावतात, पण पॅचने फायदा होतोच असंही नाही. डुकराच्या आतड्यापासून केलेला पॅच २००६ च्या एका चाचणीत उलटा पडला: पॅच लावलेल्या १५ पैकी ४ खांद्यांत कंडरा हाडाला जुळली, न लावलेल्या १५ पैकी ९ खांद्यांत. आईला सुचवलेला पॅच वेगळा आहे. तो ताण पेलत नाही. त्याच्या आधाराने नवी ऊती वाढते आणि सहाएक महिन्यांत तो विरून जातो. पण त्यातलं कोलॅजन गाईबैलांच्या कंडरेतून काढलेलं असतं. आई माळकरी आहे. तिला अंधारात ठेवून हे करणं मला अजिबात मान्य नाही, आणि कळलं तर ती नकोच म्हणेल.

म्हणून विचारतो: तिच्याच बायसेप्सच्या कंडरेचा तुकडा पॅच म्हणून वापरतात, असं वाचलं. तसं कोणी करून घेतलंय का? पूर्ण सुटलेल्या कंडरेला कोलॅजनच्या पॅचने खरंच फरक पडतो का, की तो अर्धवट फाटलेल्यांसाठीच जास्त उपयोगी? इथल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी कृपया सांगावं. मधुमेह असताना शस्त्रक्रिया झालेल्यांनी वर्षभरानंतरच्या सोनोग्राफीत काय दिसलं ते लिहिलं तर फार मदत होईल.