कोकणात पोफळीवाल्यांचा ‘कॅम्पको’ का उभा राहत नाही?

वाडीवाला_श्रीवर्धन
१९७० च्या सुमारास सुपारीचा भाव कोसळला आणि कर्नाटक-केरळ किनाऱ्यावरच्या बागायतदारांनी १९७३ मध्ये मंगळुरूला स्वतःची सहकारी संस्था काढली, कॅम्पको. संस्था सभासदाची सुपारी स्वतः विकत घेते, प्रतवारी करते, साठवते, बाहेरच्या बाजारात विकते. पुढे पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, सावलीतल्या कोकोला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा कोकोही तिनेच उचलला आणि १९८६ मध्ये पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना घातला.

आणि आपण? पांढऱ्या गरासाठी नावाजलेली आपली श्रीवर्धनची सुपारी, म्हणजे रोठा. तरी व्यापारी पोत्यातून एकच सुपारी काढतो, अडकित्त्याने कापतो, “आत लाल आहे हो” म्हणतो, की अख्ख्या पोत्याचा भाव उतरला. परत न्यायचं तर टेम्पोभाडं आपल्या अंगावर. संघ पाहिजेच.

आडत्याचा_पोर
व्यापारी म्हणजे चोर, हे धरूनच चाललात! ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ फळायला पाच-सात वर्षं. मधल्या काळात दवाखान्याला, पोरीच्या लग्नाला उचल कुणी दिली? कागद नाही, जामीन नाही. संघाकडे गेलात तर अर्ज, ठराव, आणि संचालक मुंबईला गेलेले.

वाडीवाला_श्रीवर्धन
उचल फुकट नसते, दादा. ती भावातून वळती होते. आणि पुढच्या हंगामाचा माल कुणाच्या वखारीत जाणार, हे पैसे हातात पडतात त्याच दिवशी ठरतं.

चाकरमानी_गोरेगाव
दोघंही मुद्दा सोडून भांडताय. आमची वाडी अठरा गुंठे, सातबाऱ्यावर सव्वीस नावं. त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत. सभासद कुणाला करणार?

दापोलीची_काकू
सातबाऱ्याचं रडगाणं पुरे. १९४६ मध्ये आणंदचा दूध संघ निघाला तो एक-दोन म्हशीवाल्यांच्या जिवावर. जो माल घालतो तो सभासद. आमच्याकडे वाडी मी बघते, शिंपणं मी बघते, नाव मात्र सासऱ्यांचं. सातबाऱ्यावर नाव असेल तोच सभासद, असा नियम करणारा संघ असेल तर मलाही नकोच.

आडत्याचा_पोर
काकू, दुधाचं उदाहरण इथे चालत नाही. दूध संध्याकाळपर्यंत नासतं. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि साखरेचा उतारा घटतो, म्हणून घाटावरचा शेतकरी कारखान्याला धरून राहतो. सुपारी वाळवली की महिनोन् महिने माळ्यावर राहते. पहिल्या वर्षी सगळे संघात माल घालतील. दुसऱ्या वर्षी आम्ही किलोमागे पाच रुपये चढे दिले, की रातोरात पोती फिरतील. मग संघाच्या गोदामात उंदीर सांभाळा.

वाडीवाला_श्रीवर्धन
म्हणजे संघ निघाला तर तुम्ही पाच रुपये चढे देणार! मग आज का देत नाही?
सुपारी मंगळुरूकडेही टिकतेच की. तिथले खासगी व्यापारीही कुठे गेलेले नाहीत. दारात दुसरा खरेदीदार उभा राहिला, एवढाच फरक. सगळा माल संघाकडे यावा असा हट्टच नाही. पडत्या वर्षात रोख मोजून घेणारा कुणीतरी असला म्हणजे झालं.

आडत्याचा_पोर
पडत्या वर्षात रोख मोजायला भांडवल लागतं. ते सरकारकडून आलं की मागोमाग राजकारण येतं. सभासदांकडून घ्यायचं तर वादळातून आत्ता कुठे सावरताहेत त्यांच्याकडून किती घेणार? याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

दापोलीची_काकू
हा प्रश्न खरा आहे. म्हणून मी म्हणते, नुसत्या सुपारीवर संघ काढूच नका. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ बघून या: नारळात जायफळ, मिरी, दालचिनी. मसाल्याला गोदाम लहान पुरतं, किलोला पैसा जास्त. आधी पाच गावांची जायफळं एकत्र विकून दाखवा. तेवढंही जमलं नाही तर कॅम्पकोचं नाव कशाला घ्यायचं?

वाडीवाला_श्रीवर्धन
जायफळ आमच्याकडे मोजक्याच वाड्यांत आहे. पोफळ घरटी आहे. सुरुवात सुपारीनेच.

चाकरमानी_गोरेगाव
काय ते ठरवा, पण बैठक गणपतीत ठेवा. सव्वीसच्या सव्वीस तेव्हाच गावात सापडतात.

दापोलीची_काकू
गणपतीत आरत्या सोडून कोण येणार? शिमग्यात ठेवा. तेव्हा सुपारी खळ्यात असते, भावाची चर्चा समोर माल ठेवून होईल.