"रिफंड वाढवून देऊ" : नाशिकमधल्या आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर ऑगस्ट २०२५ मधल्या एका रविवारी झालेली चर्चा

बी-१०४ : सगळ्यांना नमस्कार. ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ४९९ रुपयांत इन्कम टॅक्स रिटर्न आणि वर "रिफंड वाढवून देऊ". आपल्यापैकी कोणी त्यांच्याकडून भरलंय का? यंदा मुदत १५ सप्टेंबरपर्यंत आहे ना?

बी-३०४ : हो, १५ सप्टेंबर. पण ४९९ तरी कशाला घालवता दादा? पोर्टलवर सगळं भरलेलंच येतं. दहा मिनिटांचं काम आहे.

सी-६०१ काका : वाढवून म्हणजे कसं? जेवढा टॅक्स कापला गेला त्यातूनच परत मिळणार ना?

ए-५०२ : काकांनी नेमकं धरलं. बी-१०४, त्या माणसाला फोनसुद्धा करू नकोस. हे लोक काय करतात ते मी जवळून पाहिलंय. भाडं भरत नसताना घरभाड्याची सूट लावतात. राजकीय पक्षाला देणगी दिली म्हणून ८०जीजीसी कलमाची सूट, घरात कोणी आजारी नसताना आजारपणाच्या खर्चाची ८०डीडीबी. रिफंड खात्यात आला की त्यातला हिस्सा घेतात आणि नंबर बंद. वर्ष-दोन वर्षांनी नोटीस येते ती तुझ्या पॅनवर, कारण ओटीपी तू दिलेला असतोस. गेल्या महिन्यात १४ जुलैला आयकर खात्याने देशभर मोठी तपासणी केली ती अशाच लोकांची. त्याआधीच्या चार महिन्यांत साधारण ४०,००० करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे क्लेम मागे घेतले, हा आकडा खात्यानेच दिलाय. ती सगळी आपल्यासारखीच पगारदार माणसं असणार.

बी-१०४ : बाप रे. मेसेज डिलीट केला ताई.

ए-५०२ : आणि बी-३०४, एकच फॉर्म १६ (कंपनी देते तो पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) असेल, दुसरं काही उत्पन्न नसेल तर तू म्हणतोस ते खरं आहे, स्वतःच भरावं. पण गेल्या दिवाळीनंतर तू कंपनी बदललीस ना? दोन्ही फॉर्म १६ घेतलेस का?

बी-३०४ : आत्ता लॉगिन करून बघितलं. साठ हजारांच्या वर भरायला सांगतंय! दोन्हीकडे पगारातून टॅक्स (टीडीएस) कापला होता की.

ए-५०२ : कापला, पण नव्या कंपनीला जुन्या पगाराचा पत्ताच नव्हता. म्हणून ७५,००० ची प्रमाणित वजावट दोन्हीकडे मिळाली, आणि खालच्या स्लॅबचा फायदाही दोनदा. आता दोन्ही पगार एकत्र आले की फरक बाहेर येतो. एप्रिलपासून महिन्याला एक टक्का व्याज चढतंय, तेव्हा मुदतीची वाट बघू नकोस, आधी चलान भर. पुढच्या वेळी नोकरी बदललीस तर रुजू होतानाच नव्या एचआरला जुन्या पगाराचा फॉर्म १२बी दे.

बी-१०४ : ताई, तुम्हाला एवढं कसं माहीत?

ए-५०२ : एकोणीस वर्षं मी एका कर सल्लागारांच्या ऑफिसात होते, रविवार कारंजाजवळ. निफाड, दिंडोरीकडची मंडळी त्यांना वकीलसाहेब म्हणायची, आम्ही सर म्हणायचो. नाव इथे लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. पण त्यांचं काम कसं चालायचं ते सांगते, कारण टॅक्सचा माणूस म्हणजे फॉर्म भरणारा असं लोकांना वाटतं. फॉर्म तर मी भरायचे. सर प्रश्न विचारायचे.

माणूस आला की आधी पासबुक मागायचे. हातात पेन्सिल आणि वाचायला सुरुवात शेवटच्या पानापासून. एकदा सातपूरच्या कारखान्यातले एक सुपरवायझर आले. फॉर्म १६ टेबलावर ठेवून म्हणाले, "एवढंच आहे साहेब, दुसरं काही नाही." सर दहा मिनिटं काही बोलले नाहीत. पासबुकात गोल करत गेले. दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला ८,५०० जमा. "हे कुठून येतात?" तर म्हणे पाथर्डी फाट्याला एक फ्लॅट आहे, तिथे मेव्हणा राहतो, तो पाठवतो. घरातलाच माणूस, म्हणून त्यांना ते भाडं वाटतच नव्हतं. पुढचा प्रश्न, "फ्लॅटवर कर्ज आहे?" होतं. सरांनी भाडं दाखवलं, भरलेली घरपट्टी वजा केली, उरलेल्यावर ३० टक्के वजावट घेतली आणि कर्जाचं व्याज लावलं, जे ते गृहस्थ कितीतरी वर्षं सोडून देत होते. उत्पन्न एका बाजूने वाढलं आणि टॅक्स कमी झाला. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. खोटं एक अक्षर लिहावं लागलं नाही.

सी-६०१ काका : माझंही ऐका. मी प्रेसमधून रिटायर झालो. पेन्शन आणि एफडीचं व्याज मिळून ७,३०,००० होतात. व्याज १,१०,०००, बँकेने ११,००० कापले. मी समजत होतो ते गेले. सीएंकडे गेलो तर ते म्हणाले, २०२४-२५ च्या नव्या करपद्धतीत ७५,००० वजा जाता तुम्ही सात लाखांच्या आत येता, टॅक्स शून्य. अकरा हजार परत आले. यंदा एप्रिलमध्येच त्यांनी १५एच (व्याजावर टॅक्स कापू नका असं बँकेला सांगणारा फॉर्म) भरून घेतला.

ए-५०२ : हाच खरा रिफंड, काका. एक तपासलं का, एफडी काकूंच्या नावावर जोडून आहेत ना? पहिलं नाव ज्याचं, त्याच्या पॅनवर व्याज दिसतं. एआयएसमध्ये (खात्याच्या पोर्टलवर आपल्या वर्षभराच्या उत्पन्नाचं आणि व्यवहारांचं विवरण दिसतं ते) काही नोंदी दोनदा येतात, काही चुकीच्या माणसाकडे जातात. ते विवरण २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं तेव्हापासून सर प्रत्येकाचं छापून घ्यायचे. जुळलेल्या ओळीला हिरवी खूण, न जुळलेल्याला लाल. लाल खूण असेपर्यंत रिटर्न जायचं नाही. चूक बँकेची असेल तर पोर्टलवर हरकत नोंदवायची. पोर्टलवर आलंय म्हणून तसंच पुढे सरकवायचं नाही, यावर ते फार कडक होते.

डी-१०१ : माझं अंबडला छोटं युनिट आहे, जॉबवर्कचं. माझे सीए महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीचं २बी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांची यादी) आलं की खरेदीच्या बिलांशी ताळा घालतात. ज्या पुरवठादाराने बिल चढवलेलं नसतं त्याला फोन करायला मलाच लावतात, आणि दिसेपर्यंत त्याच्या जीएसटीची रक्कम अडकवून ठेवायला सांगतात. २० तारखेला ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायचं असतं, मधे सहा दिवस. आधीच्या माणसाकडे मी खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं दोन वर्षांचं क्रेडिट घालवलं होतं. आणि उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद) त्यांनीच करायला लावली. आता मोठ्या कंपन्यांनी अशा नोंदणीवाल्याला ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यांना तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. मार्चमध्ये माझी अडलेली बिलं निघाली ती त्यामुळे.

ई-४०३ : शेतजमीन विकली तर टॅक्स नसतो ना? सासऱ्यांचं आडगावच्या बाजूला बोलणं चाललंय.

ए-५०२ : ताई, सौदा थांबवा म्हणत नाही, पण खरेदीखतावर सही व्हायच्या आधी कुणा जाणत्या माणसाला दाखवा. हे मी पोटतिडकीने लिहितेय, कारण आमच्या घरात झालंय.

आमची वडिलोपार्जित दोन एकर होती, मखमलाबादच्या पुढे. २० डिसेंबर २०२२ ला विकली. माझ्या काकांना एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, शेतजमीन आहे, करमुक्त, रिटर्नमध्ये दाखवायचीच नाही. मी तेव्हा काम सोडलं होतं, मला कोणी विचारलं नाही. जूनमध्ये सहज बोलण्यात निघालं आणि २६ तारखेला मी काकांना धरून सरांकडे नेलं.

सरांनी पहिला प्रश्न विचारला, "महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत किती?" काका म्हणाले दहा किलोमीटर. ते रस्त्याने. कायद्यात अंतर हवाई धरतात, आणि दहा लाखांच्या वर लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतली शेती ही भांडवली मालमत्ता होते. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिका १४ लाखांच्या पुढे आहे. अंतराचा दाखला काढला, साडेसात किलोमीटर भरलं. म्हणजे टॅक्स लागू. (दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या गावाला दोन किलोमीटर, एक ते दहा लाखांना सहा. तुमच्याजवळ नगरपंचायत असेल तर तिचंही अंतर बघावं लागेल.)

दुसरा प्रश्न, "सातबाऱ्यावर नावं किती?" चार. काका, बाबा, दोन्ही आत्या. पैसे सगळे काकांच्या खात्यात आले होते, त्यांनी मग वाटून दिले. पण वाटा चौघांचा, म्हणून रिटर्नही चौघांची. तीस लाखांच्या वरचा व्यवहार दुय्यम निबंधकांकडून आयकर खात्याकडे जातोच, त्यामुळे "दाखवायचं नाही" हा मार्ग नव्हताच कधी.

तिसरा, "२००१ साली किंमत काय होती?" आजोबांनी कितीला घेतली ते कोणाला ठाऊक नव्हतं. सरांनी नोंदणीकृत मूल्यांककाकडून १ एप्रिल २००१ ची किंमत काढून आणली, त्या वर्षीच्या मुद्रांक दराच्या आत बसवून, आणि तिला ३.३१ ने गुणलं. त्या वर्षीचा महागाई निर्देशांक ३३१ होता. नफा निम्म्याने खाली आला. (२३ जुलै २०२४ पासून दर बदलले. आधी घेतलेल्या जमिनीला १२.५ टक्के बिनानिर्देशांक किंवा २० टक्के निर्देशांकासह, जे कमी ते. दोन्ही मांडून बघायचं.)

काका आणि बाबा स्वतः ती जमीन कसत होते. सातबाऱ्यावर पिकपाहणी होती, द्राक्षाच्या व्यापाऱ्याच्या पावत्या मी जुन्या ट्रंकेतून शोधून दिल्या. त्यांचे पैसे ३१ जुलैच्या आत कॅपिटल गेन खात्यात (नफा तात्पुरता राखून ठेवायचं बँक खातं) ठेवले आणि पुढच्या वर्षी निफाडकडे जमीन घेतली. शेती विकून शेती घेतली की मिळणाऱ्या ५४बी कलमाच्या सवलतीत बसलं.

आत्यांचं मात्र जमलं नाही. त्या लग्न होऊन गेलेल्या, शेती कसत नव्हत्या, घर घ्यायचं नव्हतं. त्यांच्यासाठी ५४ईसीचे बाँड होते (त्यात नफा गुंतवला की टॅक्स वाचतो), पन्नास लाखांपर्यंत. त्यांची मुदत विक्रीपासून सहा महिने. आम्ही सहा दिवसांनी उशिरा पोचलो होतो. सरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "आठवड्याभरापूर्वी आली असतीस तर." धाकट्या आत्याने नातवाच्या इंजिनिअरिंगसाठी बाजूला काढलेल्या पैशातून टॅक्स भरला. मी अजून तिच्याशी त्या विषयावर बोलू शकत नाही.

ई-४०३ : ताई, सासऱ्यांना वाचून दाखवलं. उद्याच तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढून आणतो म्हणाले. सरांचा नंबर पर्सनलवर द्याल का?

सचिव : विषय निघालाच आहे तर सोसायटीचंही सांगून ठेवतो. आपली एफडी सहकारी बँकेत आहे, त्या व्याजाला ८०पीची, म्हणजे सहकारी संस्थांसाठीची वजावट मिळते. राष्ट्रीयीकृत बँकेत असती तर नसती मिळाली. पण रिटर्न मुदतीत गेलं तरच. सहकारी संस्थेला आपल्यासारखी करमुक्त मर्यादा नसते, पहिल्या रुपयापासून १० टक्के, वीस हजारांच्या पुढे ३०. ऑडिट असल्याने आपली मुदत ३१ ऑक्टोबर. खजिनदारांनी व्हाउचर या आठवड्यात द्यावीत.

ए-५०२ : रंगकामाच्या ठेकेदाराचा टीडीएस कापला ना? एक टक्का, आणि पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत भरायचा.

सचिव : पहिल्या हप्त्याला कापला. दुसरा हप्ता काल दिला, त्याला राहिला. उद्या त्याच्याशी बोलून चलान भरतो. आठवण केलीत ते बरं झालं.

बी-१०४ : ताई, मलाही सरांचा नंबर द्या. जाताना काय काय नेऊ?

ए-५०२ : पाठवते. फॉर्म १६ तर नेच, पण सगळ्या खात्यांची वर्षभराची स्टेटमेंट ने, बंद केलेलं खातं असेल त्याचंही. म्युच्युअल फंड विकले असतील तर त्याचं विवरण. आणि घरात वर्षभरात काय घडलं ते आठवून जा. कोणी काही विकलं, कोणाचं काही मिळालं, कोणाचं खातं तुझ्या नावावर आलं.

बी-१०४ : आई गेल्यानंतर तिची एफडी माझ्या खात्यात वळती झाली होती, फेब्रुवारीत. ती माझ्या उत्पन्नात थोडीच येते?

ए-५०२ : मूळ रक्कम नाही येत. पण ती गेली त्या तारखेपर्यंतचं व्याज तिच्या नावाने जाईल, त्यानंतरचं तुझ्या. तिचं रिटर्न वारस म्हणून तुला भरावं लागेल, त्यासाठी पोर्टलवर आधी तुझी नोंदणी करायला हवी. मृत्यूचा दाखला आणि तिचं पॅन घेऊन जा. सरांना हे पहिल्यांदा सांग, फॉर्म १६ नंतर काढ.