मदत हवी आहे: ई-स्कूटरच्या अपघातानंतर मुलाचा कोपर सरळ होत नाही, मालीश करावं का?

नमस्कार. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. दीड महिन्यापूर्वी शाळेतून आणताना नेहमीसारखा स्कूटरवर पुढे उभा होता. कोपऱ्यावर मेथी घ्यायला मी उतरले. डावा हात हँडलवर ठेवून उजव्या हाताने मोबाइलवर पैसे देत होते. किल्ली चालूच. पेट्रोलची गाडी निदान घरघरते. ही गपगार उभी असते, चालू आहे हे ध्यानातच राहत नाही. त्याने आधाराला उजवी मूठ धरली, ती पिळली गेली आणि गाडी माझ्या हातातून सुटून समोरच्या भिंतीवर आदळली.

हनुवटीला चार टाके पडले. डाव्या दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडलं, सुप्राकाँडायलर फ्रॅक्चर. या वयात पडल्यावर हेच फार होतं म्हणे. मनगटाची नाडी लागते का, बोटं हलतात का, हे डॉक्टर पुन्हा पुन्हा बघत होते, तेव्हा माझे पाय लटपटत होते. भूल देऊन दोन तारा घातल्या, त्या चौथ्या आठवड्यात काढल्या.

आता हात अर्धवट वाकलेलाच राहतो. शर्टाच्या वरच्या बटणापर्यंत पोचत नाही. सासूबाई म्हणतात, कोमट तेलाने चोळलं की मोकळा होईल. त्यांच्या माहेरी हाडवैद्यही आहेत. डॉक्टरांनी मात्र बजावलंय की मालीश नको, ओढून सरळ करायचा नाही, त्याने स्नायूत हाड धरून कोपर आणखी आखडतो. खेळता खेळता तो आपणच हलवेल. मला डॉक्टरांचं पटतं, पण सासूबाईंचाही नातवासाठी जीव तुटतो. त्यांना कसं समजावू?

कुणाच्या मुलाचं असं झालं होतं का? हात सरळ व्हायला किती दिवस लागले? कोणते खेळ दिलेत?

दुसरं, शाळा चार किलोमीटर, बस नाही, आणि स्कूटर दिसली की तो मला घट्ट बिलगतो. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट कायद्यानेच लागतं, तेही आम्ही घेतलं नव्हतं. या वयाच्या डोक्याला नीट बसणारं, आयएसआय मार्कचं हेल्मेट कुणी घेतलंय का?

आणि कृपा करून, मूल पुढे उभं असेल तर क्षणभर थांबलात तरी किल्ली बंद करा.

तारा काढून आज बारावा दिवस आहे. पुढची तपासणी सोमवारी.