मदत हवी आहे: जुनी मियाटा कार फिनिक्सहून सिएटलला चालवत आणू की ट्रेलरवर?

मंडळी, फिनिक्समध्ये १९९२ची माझदा मियाटा ठरवली आहे. लाल, कापडी छताची. सिएटलपर्यंत साधारण १४०० मैल. चालवत आणायची भारी हौस आहे, पण टायरवर २३१४ छापलंय, म्हणजे २०१४च्या २३व्या आठवड्यातले. नक्षी शाबूत, रबराला मात्र बारीक तडे. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा) कधी बदलला ते विकणाऱ्या आजोबांना आठवत नाही. मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडून दुमडीवर चिरली आहे. बायको विचारते, "ऑरेगनमध्ये पाऊस लागला तर मी छत्री धरून बसू का?"

उघड्या ट्रेलरवर असं छत वाऱ्याने आणखी फाटतं का? बंदिस्त ट्रेलरचे मला जवळपास दुप्पट सांगितलेत. की टायर आणि बेल्ट तिथेच बदलून निघू? कोणी केलंय का असं?